एवढा मोठा समुद्रकिनारा असून मिठाची टंचाई? अमेरिकन यादवीतल्या मिठाबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे की अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) दक्षिणेकडच्या राज्यांना हजारो मैलांचा समुद्रकिनारा होता, मग त्यांना मिठाची टंचाई कशी काय झाली, आणि उत्तरेने सॉल्टव्हिल नावाच्या डोंगरातल्या छोट्याशा गावावर दोन दोनदा फौज का पाठवली. शेवटी असंही विचारलंय की मग दक्षिण मिठामुळे हरली का. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, माझं आयुष्य मिठागरांवर आणि मीठ शुद्ध करायच्या कारखान्यांत गेलंय, उरण-पेणकडची आगरं पण बघितली आणि गुजरातमधले मोठे प्लांट पण. त्यामुळे या युद्धाबद्दल वाचायला लागलो तेव्हा सगळ्यात आधी मिठाचाच भाग डोळ्यात भरला, कारण लढाया लिहिणारे बहुतेक लोक मीठ कसं बनतं ते सांगतच नाहीत, आणि ते कळल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर लागत नाही.

आधी हे बघू की मीठ लागत कशाला होतं. आपल्या डोक्यात मीठ म्हणजे आमटीतलं चिमूटभर, त्यामुळे वाटतं की नसलं तर अळणी खातील, त्यात काय एवढं. पण तेव्हा फ्रीज नव्हता. दक्षिणेचं मुख्य मांस डुकराचं, आणि ते टिकवायचा एकच भरवशाचा मार्ग होता, मिठात मुरवून मग धुरावर धरायचं. सैनिकाचं ठरलेलं रेशन होतं दिवसाला पाऊण पौंड डुकराचं मांस किंवा बेकन, म्हणजे साधारण ३४० ग्रॅम. मांस मुरवायला ढोबळमानाने वजनाच्या दहा टक्के मीठ धरा. आता ५० हजारांची फौज घ्या, दिवसाला १७ टन मांस, त्याला दीड ते पावणेदोन टन मीठ, रोज, आणि हे फक्त एका फौजेच्या मांसाचं झालं. घरोघरीचं मांस वेगळं, मासे वेगळे, लोणी वेगळं. गुराघोड्यांना मीठ चाटायला लागतं ते वेगळं, घोडदळ असेल तर तो खर्च लहान नसतो. आणि कातडं! जनावर कापलं की कातडं लगेच मिठात घालावं लागतं नाहीतर कमावायच्या आधीच सडतं, आणि कातडं नाही म्हणजे बूट नाहीत, खोगीर नाही, लगाम नाही, काडतुसांची पेटी नाही. उत्तरेचा जनरल शर्मन याने १८६२ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की मीठ हा शत्रूला मिळू न देण्याचाच माल आहे कारण त्याशिवाय मांस टिकत नाही आणि मांसाशिवाय सैन्य टिकत नाही. त्याचा राग मेम्फिसकडच्या व्यापाऱ्यांवर होता, जे कापसाच्या बदल्यात गुपचूप मीठ दक्षिणेला पोचवत होते.

यात अजून एक गोष्ट आहे जी लोक विसरतात, ती म्हणजे वेळ. डुकरं कापायची ती थंडी पडल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी, कारण उन्हाळ्यात मीठ आत मुरायच्या आधीच मांस खराब होतं. म्हणजे वर्षभराचं मीठ तुम्हाला त्या दोन-तीन महिन्यांच्या आधी हातात पाहिजे. मार्चमध्ये मीठ आलं तर त्या वर्षाच्या मांसाला त्याचा उपयोग शून्य. मीठ नसेल तर डुक्कर जिवंत ठेवावं लागतं आणि ते मका खात बसतं, तो मका पुन्हा माणसांच्या तोंडचा. सॉल्टव्हिलवरचे दोन्ही हल्ले कधी झाले बघा, २ ऑक्टोबर १८६४ आणि २०-२१ डिसेंबर १८६४. एक हंगामाच्या तोंडावर आणि एक ऐन हंगामात.

आता टंचाई का झाली. युद्धाआधी दक्षिण स्वतः फारसं मीठ बनवतच नव्हती, कारण गरजच पडत नव्हती. त्यांचा कापूस लिव्हरपूलला जायचा, आणि जहाजं परत येताना रिकामी कशी येणार, मग तळाला भार म्हणून लिव्हरपूलजवळच्या चेशायरचं मीठ भरायची. जवळपास फुकट भाड्यात आलेलं मीठ. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर २०० पौंडांची गोण अर्ध्या डॉलरला मिळायची. (हेच लिव्हरपूलचं मीठ आपल्याकडे बंगालमध्येही भरून यायचं आणि तिथल्या मीठ बनवणाऱ्यांचा धंदा त्याने बसवला, तर मोठ्या किनाऱ्याच्या देशात परदेशी मीठ स्वस्त पडणं ही काही अमेरिकेपुरती गोष्ट नाही.) शिवाय वेस्ट इंडीजच्या टर्क्स बेटांवरनं यायचं. मग लिंकनने १९ एप्रिल १८६१ ला नाकेबंदी जाहीर केली, कापूस जायचा थांबला आणि त्याच जहाजांनी येणारं मीठ पण थांबलं. कापूस थांबल्यावर लिव्हरपूल मुंबईकडे वळलं आणि आपल्याकडे कापसाची ती प्रसिद्ध तेजी आली हे मराठी वाचकांना माहीत असतंच, पण परतीच्या फेरीत मीठ आणणारी तीच जहाजं होती हे सहसा कोणी जोडून बघत नाही. १८६२ च्या वसंतात न्यू ऑर्लिन्स पण पडलं. त्याच वर्षाच्या शेवटी सव्हानामध्ये त्याच गोणीला २५ डॉलरपर्यंत पैसे पडायला लागले. त्यात थोडा भाग कागदी नोटांच्या घसरणीचा होता हे मान्य, तरी वाढ प्रचंडच.

बरं, मग समुद्राचं पाणी घ्यायचं आणि मीठ काढायचं, अडचण काय? इथे माझ्या धंद्यातलं सांगतो. समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून साडेतीन टक्के असतात, त्यातलं खाण्याचं मीठ पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक किलो मीठ हवं तर जवळजवळ ३५ किलो पाणी उडवायला पाहिजे. आपल्याकडे हे काम ऊन आणि वारा फुकटात करतात. पावसाळा संपला की बांध नीट करायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातनं दुसऱ्या वाफ्यात फिरवत घट्ट करत न्यायचं, आणि पाणी पंचवीस डिग्री बॉमेच्या (पाण्याचा घट्टपणा मोजायचं माप) वर गेलं की मीठ बसायला लागतं. डिसेंबरपासून मेपर्यंत जवळजवळ कोरडं आभाळ मिळतं म्हणून हे जमतं. जूनमध्ये एक मोठी सर आली की उघड्यावरचं सगळं विरघळून जातं, म्हणून तर मिठाच्या राशी आधी झाकून घेतात.

फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलायना या किनाऱ्यावर आपल्यासारखे सलग सहा कोरडे महिने नाहीत. पाऊस वर्षभर विखुरलेला, आणि फ्लोरिडात तर सगळ्यात जास्त पाऊस उन्हाळ्यातच पडतो, म्हणजे ऊन कडक असतं तेव्हाच सरी. वर हवा दमट. की वेस्टला उन्हावरची मिठागरं होती खरी, पण की वेस्ट युद्धभर उत्तरेच्या ताब्यात राहिलं. आणि ऊन असतं तरी नवीन आगर बसवायला जमीन, बांध, उतार, तळ दाबून घट्ट करणं, यात एक-दोन हंगाम सहज जातात. एवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. म्हणून राहिला एकच मार्ग, पाणी उकळवायचं.

आता उकळवायचा हिशोब बघा, माझ्या मते पूर्ण उत्तर इथेच आहे. साध्या दगड-विटांच्या उघड्या भट्टीवर एक किलो पाणी उडवायला अर्धा किलोच्या आसपास सुकं लाकूड जातं, ओलं असेल तर जास्तच. म्हणजे समुद्राच्या पाण्यापासून एक किलो मीठ काढायला १५ ते २० किलो लाकूड. वर काढलेलं त्या एका फौजेचं रोजचं पावणेदोन टन मीठ धरलं तर दिवसाला तीस टन लाकूड. ते तोडायला माणसं, ओढायला बैल किंवा खेचरं, आणि जंगल रोज भट्टीपासून अजून लांब जाणार. याउलट जमिनीखालचं जवळजवळ संपृक्त खारं पाणी, आम्ही ज्याला ब्राइन म्हणतो, ते घेतलं तर एक किलो मिठाला जेमतेम तीन किलो पाणी उडवायचं, दीड किलो लाकूड पुरे. फरक दहा-बारा पटीचा! मिठाचा कारखाना हा मुळात जळणाचा कारखाना असतो, आणि ज्याच्याकडे घट्ट ब्राइन आहे तो समुद्रकिनाऱ्यावाल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत.

सॉल्टव्हिलचं महत्त्व एवढ्यासाठी. व्हर्जिनियाच्या नैऋत्य कोपऱ्यात डोंगरांच्या मध्ये दरी, तिथल्या विहिरींचं पाणी अगदी घट्ट, आजूबाजूला लाकूड, समुद्र लांब म्हणजे आरमाराची तोफ पोचत नाही, आणि ग्लेड स्प्रिंगवरनं व्हर्जिनिया अँड टेनेसी रेल्वेचा फाटा थेट गावात. असा संगम दुसरीकडे कुठेच नव्हता. स्टुअर्ट, बुकॅनन अँड कंपनी म्हणून फर्म ते चालवायची, तिच्याशी राज्य सरकारांनी करार केले, काही राज्यांनी तर तिथे स्वतःच्या भट्ट्या लावल्या आणि ब्राइन घेऊन स्वतः मीठ पाडलं. दक्षिणेच्या मिठाचा मोठा वाटा या एका दरीतनं यायला लागला.

भट्टी कशी असायची ते जरा जवळून सांगतो, कारण मग तोडफोडीचं गणित कळेल. जमिनीत लांब चर, दोन्ही बाजूंनी दगड-विटांची भिंत, एका टोकाला आग आणि दुसऱ्या टोकाला धुराडं, आणि चरावर ओळीने बिडाच्या मोठ्या कढया बसवलेल्या, ज्यांनी गुऱ्हाळातली काहील बघितली असेल त्यांना अंदाज येईल, फक्त एक काहील नाही तर पन्नास-पन्नास एका रांगेत. दक्षिणेत साखरेच्या मळ्यांवरच्या काहिलीच उचलून आणलेल्या बऱ्याच ठिकाणी, फ्लोरिडाला तर जुन्या आगबोटींचे बॉयलर उभे कापून त्यात पाणी उकळवायचे. आगीजवळच्या कढईत पाणी भराभर उकळतं, तिथे मीठ बारीक पडतं, लांबच्या कढईत सावकाश, तिथे दाणा जाड. मिठाच्या आधी जिप्सम खाली बसतं, त्याचा थर कढईच्या तळाला दगडासारखा चिकटतो, तो खरवडला नाही तर उष्णता आत जात नाही, तळ लाल होतो आणि बीड तडकतं. मग झाऱ्याने मीठ काढून टोपलीत घालायचं आणि टोपली कढईवरच टांगून निथळू द्यायची.

हे निथळणं फार महत्त्वाचं. समुद्राच्या पाण्यात मीठ पडून गेल्यावर जे उरतं त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्याला आम्ही बिटर्न म्हणतो, चव कडू जहर. मिठागरात ते पाणी आम्ही वेळेत काढून टाकतो. पण नवखा माणूस काय करतो, एवढं लाकूड जाळलंय तर शेवटचा थेंब कशाला सोडा म्हणून कढई पार कोरडी होईपर्यंत उकळतो, आणि ते सगळं बिटर्न मिठात येतं. असं मीठ हवेतलं पाणी ओढून कायम ओलं राहतं, कडू लागतं, आणि मांसात नीट शिरत नाही. किनाऱ्यावर घाईघाईने हजारो लोकांनी मीठ पाडायला घेतलं त्यातलं बरंच असलं होतं, आणि त्यात मुरवलेलं मांस खराब झाल्याच्या तक्रारी तेव्हा सारख्या यायच्या. म्हणजे वजनावर मीठ मिळालं, पण मांस गेलंच. टनांचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा की किनाऱ्यावरचा एक टन आणि सॉल्टव्हिलचा एक टन सारखा नाही.

फ्लोरिडाची कथा यातली सगळ्यात चिवट आहे. सेंट अँड्र्यूज बे, सेंट जोसेफ बे, टेलर काउंटी असा तो सगळा किनारा भट्ट्यांनी भरला होता. मीठ बनवणाऱ्याला सक्तीच्या लष्करभरतीतनं सूट होती त्यामुळे माणसं पण भरपूर आली. पण समुद्राचं पाणी पाहिजे म्हणजे भट्टी समुद्रालगतच पाहिजे, आणि एवढी आग लावली की दिवसा धूर आणि रात्री उजेड, मैलोनमैल दिसणार. उत्तरेच्या नाकेबंदीच्या जहाजांवरनं खलाशी होड्यांतनं उतरायचे, घणाने कढया फोडायचे, झोपड्या पेटवायचे, मीठ वाळूत मिसळून टाकायचे आणि परत जायचे. डिसेंबर १८६३ मध्ये सेंट अँड्र्यूज बे मध्ये अशी मोठी धाड पडली, शेकडो भट्ट्या गेल्या. आणि काही आठवड्यांत तिथेच परत धूर! कारण भिंत रचायला काय लागतं, मातीच लागते. खरं नुकसान कढईचं. एक बिडाची कढई म्हणजे फाउंड्रीतलं तेवढं लोखंड, आणि त्याच लोखंडावर तोफा, रूळ, इंजिनाचे सुटे भाग सगळ्यांची मागणी. आरमाराला हे बरोबर समजलं होतं म्हणूनच खलाशी घण घेऊन उतरायचे.

लुइझियानाचं एव्हरी आयलंड वेगळंच. तिथे खाऱ्या झऱ्यांवर मीठ पाडणं चालू होतं, ४ मे १८६२ ला विहीर खोल करताना सोळा फुटांवर पहारीला काहीतरी टणक लागलं, आधी वाटलं झाडाचं खोड आहे, बघतात तर मिठाचाच खडक, तोही अतिशय शुद्ध. उकळवायची गरजच नाही, सुरुंग लावा आणि गाडीत भरा. दक्षिणेला युद्धात मिळालेलं हे सगळ्यात मोठं घबाड होतं. वर्षभर हजारो टन मीठ निघालं, आणि एप्रिल १८६३ मध्ये उत्तरेच्या जनरल बँक्सच्या फौजेने येऊन सगळं जाळून टाकलं. त्याच जुलैमध्ये व्हिक्सबर्ग पडलं आणि मिसिसिपी नदीच उत्तरेच्या हातात गेली, त्यामुळे पलीकडचं टेक्सास-लुइझियानाचं मीठ पूर्वेला यायचा रस्ताच संपला. (टबॅस्को सॉस याच बेटावरचा, एव्हरींच्या जावयाने युद्ध संपल्यावर सुरू केलेला.)

केंटकीत क्ले काउंटीतल्या गूज क्रीकच्या भट्ट्यांचं प्रकरण मला नेहमी खटकतं. ऑक्टोबर १८६२ मध्ये जनरल ब्यूएलच्या हुकमावरनं उत्तरेच्याच फौजेने त्या फोडल्या, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. पाचशेच्या आसपास माणसं ३६ तास फोडत होती. आणि त्यातला एक मालक गॅरार्ड हा उत्तरेच्याच सैन्यात अधिकारी, पुढे जनरल झालेला! आपल्या बाजूच्या माणसाचा पिढीजात धंदा आपणच मोडायचा, एवढी मिठाची धास्ती होती.

उत्तरेला स्वतःला मिठाची ददात नव्हती. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजला सरकारी देखरेखीखाली मीठ निघायचं, १८६२ हे तिथलं विक्रमी वर्ष, नव्वद लाख बुशेलच्या वर. एक बुशेल म्हणजे मिठाच्या व्यवहारात साधारण ५० ते ५६ पौंड. तिथून कालवा होता, रेल्वे होती, माल कुठेही जायचा. मिशिगनला सॅगिनॉमध्ये लाकडाच्या वखारींचा भुसा-ढलप्या जाळून मीठ पाडायला नुकतीच सुरुवात झाली होती, म्हणजे जळण जवळजवळ फुकट. कनॉव्हाच्या खोऱ्यातलं मीठ (आताचं वेस्ट व्हर्जिनिया) बहुतेक काळ उत्तरेच्या ताब्यात, फक्त सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेच्या लोरिंगने चार्ल्सटन घेतलं, तिथे काही आठवडे टिकला, आणि तेवढ्यात जमेल तेवढं मीठ गाड्यांत भरून डोंगरापलीकडे पाठवलं.

कनॉव्हाचं नाव निघालं म्हणून हेही सांगायलाच पाहिजे की ही सगळी कामं कोण करत होतं. कनॉव्हा, सॉल्टव्हिल, अलाबामातलं क्लार्क काउंटी, सगळीकडे मोठ्या प्रमाणात गुलाम माणसं, बऱ्याचदा मालकांनी वर्षाच्या भाड्याने दिलेली. उकळत्या ब्राइनच्या वाफेत बारा-बारा तास उभं राहायचं, पाय घसरला की संपलं. मी भट्टीवरचं मीठ काढणं बघितलंय, आजच्या बूट-हातमोज्यांतसुद्धा ते काम अंगावर येतं. पुढे मोठे शिक्षणतज्ज्ञ झालेले बुकर टी. वॉशिंग्टन गुलामगिरी संपल्यावर लहानपणी कनॉव्हाच्या माल्डेन गावात मिठाच्या भट्टीवर राबले. त्यांच्या सावत्र वडिलांच्या पिंपांवर १८ हा आकडा मारलेला असायचा, आणि त्यांना आयुष्यात सगळ्यात आधी वाचता आलं ते हे १८. मिठाच्या इतिहासात गव्हर्नर आणि जनरल यांची नावं भरपूर सापडतात, पिंपं भरणाऱ्यांची फार थोडी, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं.

घरातल्या बायकांचे हाल तर विचारू नका. धुरावर मांस टांगायच्या खोलीची जमीन मातीची असायची, वर्षानुवर्षं त्यात खारं पाणी ठिबकलेलं. ती माती खणून काढायची, पाण्यात कालवायची, गाळायची आणि उकळून त्यातनं काळपट मीठ काढायचं. दक्षिणेत हे सर्रास झालं. किनाऱ्याजवळचे लोक समुद्राच्या पाण्यातच भात शिजवायचे. १८६२ च्या अखेरीला अलाबामात ग्रीनव्हिलच्या रेल्वे स्टेशनवर वीसेक बायकांनी ‘मीठ नाहीतर रक्त’ अशा घोषणा देत जाऊन मिठाची गोण वसूल केली. नवरे आघाडीवर, घरात डुक्कर कापायला आलेलं, आणि व्यापाऱ्याच्या गोदामात मीठ दडवलेलं, तर दुसरं काय करणार? राज्य सरकारांनी मग याद्या करून सैनिकांच्या घरच्यांना आणि विधवांना कमी दरात किंवा फुकट मीठ वाटायला घेतलं, जॉर्जियाचे गव्हर्नर ब्राउन यात बरेच पुढे होते. माझ्या मते सरकारने मिठात उतरायला उशीर केला. भट्ट्या उभ्या राहीपर्यंत भाव हाताबाहेर गेले होते, आणि प्रत्येक राज्य स्वतःपुरतं बघत होतं, एकमेकांच्या मिठाच्या गाड्या अडवण्यापर्यंत.

गाड्यांवरनं आठवलं, मीठ पडणं एक आणि ते पोचणं दुसरं. सॉल्टव्हिलला मीठ पडून राहायचं आणि डबे नसायचे, कारण तीच एकेरी रेल्वे सैनिक नेणार, धान्य नेणार, शिसं नेणार. मीठ जड आणि ओल धरणारा माल, त्यामुळे डबा द्यायची वेळ आली की ते सगळ्यात मागे.

आता दोन हल्ले. पहिला, २ ऑक्टोबर १८६४, उत्तरेचा जनरल बरब्रिज पाच हजारांच्या आसपास माणसं घेऊन केंटकीतनं डोंगर ओलांडून आला. बचावाला निम्म्याच्या थोडी वर माणसं, पण जागा उंचावरची, दिवसभर लढून बरब्रिजचा दारूगोळा संपला आणि तो रात्री जखमींना तिथेच सोडून मागे फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच्या फौजेत पाचवी कलर्ड कॅव्हलरी होती, कृष्णवर्णीय घोडेस्वारांची. रणांगणावर पडलेल्या त्यांच्या जखमींना दक्षिणेच्या लोकांनी गोळ्या घातल्या, इस्पितळात घुसूनही मारलं. त्यातला चॅम्प फर्ग्युसन पुढे पकडला गेला आणि २० ऑक्टोबर १८६५ ला नॅशव्हिलमध्ये फाशी गेला, बाकी बहुतेक सुटले.

दुसरा हल्ला डिसेंबरमध्ये जनरल स्टोनमनचा, यावेळी गाव पडलं. त्यांनी कढया फोडल्या, शेड जाळले, विहिरींत तोफगोळे आणि रुळांचे तुकडे टाकले, फाट्याची रेल्वे उखडली. माझ्या डोळ्यांनी बघितलं तर यातलं सगळ्यात हुशारीचं काम विहिरींचं, कारण पंपाच्या नळीच्या तोंडाशी लोखंड अडकलं की ते काढायला दिवसच्या दिवस जातात आणि तोवर सगळ्या भट्ट्या थंड. पण विहीर मरत नाही, ब्राइन खाली तसंच असतं. त्यामुळे सगळं बुजवायला एक रात्र पुरत नाही, तिथे महिनोनमहिने बसून राहावं लागतं, आणि शत्रूच्या मुलखात आत शिरलेल्या घोडदळाला तेवढा वेळ नसतो. झालंही तसंच, पुढच्या काही आठवड्यांत थोड्या थोड्या भट्ट्या पुन्हा पेटल्या.

हे फक्त अमेरिकेत झालं का, तर नाही. त्याच सुमाराला चीनमध्ये ताइपिंग बंडाची यादवी चालू होती. १८५३ मध्ये बंडखोरांनी नानजिंग घेतलं आणि यांगत्से नदीवरनं समुद्राचं मीठ आत हूबेई-हुनानमध्ये जायचं बंद झालं. तेव्हा ती भूक भागवली सिचुआनच्या ज्झिगोंगने. तिथे बांबूच्या साधनांनी हजार मीटर खोल विहिरी खणलेल्या, आणि ब्राइनबरोबर नैसर्गिक वायू पण निघायचा, तो बांबूच्या नळ्यांनी आणून थेट कढईखाली जाळायचे. जळणाची अडचण नसल्यामुळे त्यांना उत्पादन वाढवता आलं, आणि युद्धाच्या काळातच ज्झिगोंग भरभराटीला आलं. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांशी तुलना करून बघा, फरक सगळा जळणाचा.

आणि फ्रीज-डबाबंद अन्न आल्यावर मिठाचा प्रश्न संपला असं वाटत असेल तर नायजेरियाची यादवी बघा, १९६७ ते १९७०. बिआफ्राचा, म्हणजे नायजेरियातनं फुटून निघालेल्या पूर्व भागाचा, समुद्राकडचा रस्ता बंद झाला, मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट पण गेलं, आणि मीठ सोन्याच्या भावाचं झालं. उबुरू आणि ओकपोसीला खाऱ्या पाण्याची तळी आहेत, तिथल्या बायका पिढ्यानपिढ्या ते पाणी उकळून मीठ काढत आलेल्या, आयात मिठामुळे तो धंदा मागे पडला होता, तो युद्धात पुन्हा जोरात सुरू झाला. शिवाय बायकाच जीव मुठीत धरून रात्री आघाडीपलीकडे बाजाराला जायच्या आणि मीठ बांधून आणायच्या.

राहिला शेवटचा प्रश्न, दक्षिण मिठामुळे हरली का. माझं मत, नाही. मीठ पूर्ण संपलं असं कधीच झालं नाही. पण ते मिळवायला त्यांनी काय काय घातलं ते मोजा: भरतीतनं सूट दिलेली हजारो धडधाकट माणसं, तोफांना लागलं असतं ते लोखंड, गुरंढोरं, जंगलं, रेल्वेचे डबे, सॉल्टव्हिल राखायला अडकून पडलेली फौज. उत्तरेला यातलं काहीच वेगळं काढावं लागलं नाही. आणि १८६५ च्या वसंतात सॉल्टव्हिलला पुन्हा मीठ पडत होतं, पण तोवर स्टोनमन दुसऱ्यांदा येऊन व्हर्जिनिया अँड टेनेसी रेल्वे पुढे लिंचबर्गच्या दिशेने मैलोनमैल उखडत होता, आणि ९ एप्रिलला दक्षिणेचा मुख्य सेनापती ली शरण गेला.